लेकीबरोबर पहिला डोंगर: यावेळी दोघंच जा

प्रश्न: आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. ऑगस्टअखेर बायको तिच्या आईकडे पुण्याला जाणार आहे. मी आणि आठ वर्षांची लेक, दोघंच घरी. तिला एक रात्र डोंगरात न्यावं असं फार मनात आहे. लहानपणी बाबा मला सिंहगडावर न्यायचे, तसं. पण मित्र म्हणतात, एकटा कशाला जातोस, आपण चार कुटुंबं मिळून मोठं घर घेऊ. शिवाय एकट्याने मुलीला नेण्याची थोडी भीतीही वाटते. काय करावं?

उत्तर: दोघंच जा. चार कुटुंबांची सहल दिवाळीच्या सुमाराला करा, तिची मजा वेगळी आहे. तिथे मुलं मुलांत रमतात, बाबा लोक शेगडीपाशी, आया स्वयंपाकघरात, आणि रविवारी परतताना लक्षात येतं की आपल्या लेकीशी दोन दिवसांत धड दहा वाक्यंही बोललो नाही. तुमच्या बाबांनी तुम्हाला सिंहगडावर नेलं तेव्हा बरोबर किती माणसं होती, आठवून पाहा.

तुमची भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर बेत रद्द करणं हा उपाय नाही, बेत छोटा करणं हा आहे.

न्यू हॅम्पशायरचे व्हाइट माउंटन्स तुम्हाला गाडीने अडीच-पावणेतीन तासांवर. फोटोत दिसतो तो फ्रँकोनिया रिज, म्हणजे तिथली डोंगरधार, यावेळी नको. तो फेरा जवळजवळ 9 मैलांचा आणि 3,900 फूट चढाचा, वरचा बराच भाग झाडीच्या वर, उघड्यावर. माउंट वॉशिंग्टनही नको. उंची 6,288 फूट म्हणजे हिमालयाच्या मानाने फार वाटत नाही, पण 12 एप्रिल 1934 ला त्या माथ्यावर ताशी 231 मैलांचा वारा मोजला गेला होता. इथल्या डोंगरांना उंचीवरून जोखू नका, हवेवरून जोखा.

माझ्या मते तुमच्यासाठी जागा एकच, लोनसम लेक. फ्रँकोनिया नॉच या खिंडीत लाफायेट प्लेस कॅम्पग्राउंडपासून पायवाट निघते. वरच्या हटपर्यंत, म्हणजे मुक्कामाच्या घरापर्यंत, 1.6 मैल, चढ साधारण हजार फूट. पर्वतीपेक्षा बराच जास्त, सिंहगडापेक्षा बराच कमी. वर तलाव, आणि तलावाच्या पलीकडे अ‍ॅपलेचियन माउंटन क्लबची हट. हा क्लब 1876 पासूनचा आहे आणि व्हाइट माउंटन्समध्ये त्याच्या अशा आठ हट्स आहेत. मुलांना घेऊन जाण्याजोग्या हट्समध्ये ही सर्वांत सोयीच्या हट्सपैकी एक. बंक, उशी आणि ब्लँकेट मिळतं, चादर किंवा हलकी स्लीपिंग बॅग आपली न्यायची. संध्याकाळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथलीच तरुण मंडळी करून वाढतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, वर पोचल्यावर नाही. अंघोळीची सोय नाही, फोन चार्ज करायला जागा नाही. कचरा आपला आपण खाली आणायचा. दर स्वस्त नाहीत आणि शनिवार फार लवकर भरतात, म्हणून जमलं तर रविवारची रात्र घ्या. हट मिळालीच नाही तर खालच्या कॅम्पग्राउंडमध्ये तंबू ठोका आणि तलावावर सकाळी जाऊन या. तंबूत मात्र खाण्याची एक वस्तूही ठेवू नका, सगळं गाडीत बंद. तिथे काळी अस्वलं आहेत.

दिवस तुम्ही छान निवडलेत. मेअखेरीपासून जूनभर तिथे ब्लॅक फ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. ऑगस्टअखेर त्या नसतात आणि उजेडही बराच वेळ असतो.

आता चालण्याचा हिशोब. तिथले जुने जाणते लोक मैलाला अर्धा तास आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास धरतात. म्हणजे लोनसम लेकला जेमतेम एक तास वीस मिनिटं. तुम्ही सरळ दुप्पट धरा, वर अर्धा तास बेडकांसाठी ठेवा. जेवण सहाला असतं, तेव्हा दुपारी एकच्या आत चढायला लागा म्हणजे लेकीला 'चल लवकर' असं एकदाही म्हणावं लागणार नाही. मुलांना चढ कंटाळवाणा होतो तो त्या दोन शब्दांनी.

कपड्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती चूक मी केली आहे. माझी मुलगी सात वर्षांची असताना सप्टेंबरात तिला अशाच एका वाटेवर नेलं होतं. खाली ऊन होतं म्हणून अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स. अर्ध्या वाटेत भुरभुर सुरू झाली, पाऊस म्हणावा इतकीही नाही. वीस मिनिटांत जीन्स मांड्यांना चिकटली, मुलगी गप्प झाली. मला वाटलं दमली. हात धरला तर बोटं बर्फासारखी, ओठ निळसर, आणि विचारलेल्याला उत्तरही नीट देईना. तिचे ओले कपडे तिथेच झाडाआड काढले, माझं फ्लीस तिला घातलं, गूळ-शेंगदाणे भरवले आणि मागे फिरले. ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं. मुलांचं शरीर लहान, ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. म्हणून जीन्स घरी ठेवा. पटकन वाळणारी पँट, लोकरीचे मोजे, फ्लीस, पावसाचं जॅकेट आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ऊन कितीही असो. आणि चालता चालता बडबड करणारं मूल गप्प झालं तर थांबा. आधी अंगाला हात लावून पाहा, मग खाऊ द्या.

एकट्या पालकाने जायचं म्हणजे आणखी एक तयारी हवी. तिची काळजी तुम्ही घ्यालच, पण तुमचाच पाय मुरगळला तर तिने काय करायचं? हे तिला आधी माहीत असायला हवं, आणि घाबरवून नाही, खेळासारखं. घराजवळच्या बागेत एका संध्याकाळी करून बघा. तुम्ही खाली बसा, ती शिट्टी वाजवेल: तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. शिट्टी तिच्या सॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली हवी. नियम दोन. बाबांना सोडून मदत शोधायला जायचं नाही, त्या वाटेवर माणसं येत राहतात. आणि चुकून एकटी पडलीस तर असशील तिथल्याच झाडापाशी थांबायचं, आम्ही येऊ. फोनचं कुलूप न उघडता 911 कसा लावायचा तेही दाखवा, पण नॉचमध्ये रेंजचा भरवसा धरू नका. आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. घरात तुम्ही 'बाबा' असता. तिला तुमचं पूर्ण नाव इंग्रजीत स्पेलिंगसकट सांगता येतं का? तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते? हे सगळं एका कार्डावर लिहून तिच्या खिशात ठेवा.

शेजाऱ्यांकडे किंवा त्याच मित्रांपैकी एकाकडे कागद देऊन जा: कोणती वाट, कुठे मुक्काम, गाडीचा नंबर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन आला नाही तर 911. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर तिचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. तिथलं फिश अँड गेम खातं हाइकसेफ नावाचं ऐच्छिक कार्ड देतं, 2015 पासून. माणशी 25 डॉलर, कुटुंबाला 35. घ्या. तो पैसा शोध आणि सुटकेच्या निधीला जातो. हेडलॅम्प दोन, एक तिचा. एकाच्या उजेडात दोघांना उतरता येत नाही.

तुम्ही ग्रीन कार्डावर किंवा व्हिसावर असाल तर कागदपत्रं बरोबर असू द्या. तुमचा रस्ता आय-93 चा. त्याच रस्त्यावर वुडस्टॉकपाशी सीमा गस्त दलाने याआधी गाड्या थांबवून तपासणी केलेली आहे. कायद्यानेही परदेशी प्रौढांनी आपली कागदपत्रं जवळ बाळगायची असतात. लेकीसमोर ताण नको, एवढ्यासाठी.

खायला दशम्या करून न्या. दुधात कणीक भिजवली की दोन दिवस मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चिक्की. तिच्या पाठीवरही छोटी सॅक द्या: तिचं पाणी, तिची चिक्की, तिचं जॅकेट. आणि वाट शोधायचं काम पूर्णपणे तिच्याकडे सोपवा. झाडांवर आणि दगडांवर रंगाचे पट्टे असतात, एक पट्टा सापडला की त्याला हात लावायचा आणि पुढचा शोधायचा. चुकली तर लगेच सांगू नका, चार पावलं जाऊ द्या. थांबून ती स्वतः मागे वळून बघते, तो क्षण तुम्हाला बघायला मिळेल.

वर गेलात की जाड खोडांवर राखाडी-हिरव्या पापुद्र्यांसारखं काही चिकटलेलं दिसेल. तिला जवळ जाऊन बघायला सांगा, तोडू नका. आजीच्या गोड्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, ते याच जातकुळीतलं. घरून निघताना डब्यातलं एक दगडफूल कागदात गुंडाळून घेतलंत तर खोडाशेजारी धरून दाखवता येईल. मराठी शब्द मुलांना पुस्तकातून सांगितले तर कानाआड जातात. पण एका हातात दगडफूल, दुसरा हात खोडावर असताना ऐकलेला शब्द माझी मुलगी आज कॉलेजात असूनही विसरलेली नाही.

जेवण झालं की तलावाकाठी या. फ्रँकोनिया रिज समोर पूर्वेला आहे, त्यामुळे तुमच्या मागे सूर्य उतरताना शेवटचं ऊन त्या कड्यांवर पडतं. फोन खिशात असू दे. तिला काही विचारू नका, शाळेचं तर मुळीच नाही. ती आपणहून बोलेल, किंवा नाही बोलणार.

उतरताना तुम्ही पुढे आणि ती मागे. मुलं उतारावर पळतात आणि ओल्या मुळांवर घसरतात. गाडीत बसण्याआधी दोघांचंही अंग तपासा: गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांत, पँटच्या पट्ट्याखाली. न्यू इंग्लंडमधल्या गोचिडींमुळे लाइम आजार होतो, पण पहिल्या दिवशीच गोचीड चिमट्याने सरळ वर ओढून काढली तर धोका फार कमी राहतो. घरी गेल्यावर अंघोळीच्या वेळी पुन्हा एकदा बघा.

नाश्त्यानंतर निघालात तर अकराच्या सुमाराला लिंकन गावात पोचाल आणि फोनला रेंज येईल. आधी शेजाऱ्यांना कळवा. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आई आणि आजी दोघी जाग्याच असतील. फोन लेकीच्या हातात द्या आणि तुम्ही गाडीत पेट्रोल भरायला उतरा.