पावडर कोटिंगचं नंतर बघू, आधी ते कर्ज थांबवा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: जुनी क्लासिक गाडी सहा महिन्यांचे पगार मोजून घेतली. बॉडी उतरवली आहे, चॅसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मोकळी आहे. पूर्ण रिस्टोरेशनचा अंदाज चौदा पगारांचा. त्यातले चार बचतीतून (बचत एकूण पाच) आणि दहा वैयक्तिक कर्जातून, १४ टक्के दराने, पाच वर्षांसाठी. कर्ज मंजूर आहे, रक्कम अजून उचललेली नाही. तीन वर्षांनी गाडी तीस पगारांना विकायची आणि त्यातून मुलीच्या कॉलेजचे बारा पगार भरायचे. प्रश्न एवढाच, की चॅसिसला 'लाइफटाइम गंज हमी' असलेलं पावडर कोटिंग (कोरड्या पावडरीचा भट्टीत भाजलेला थर) दोन पगारांत करावं, की साधा रंग सव्वा पगारात?

चॅसिसचं उत्तर देतो, पण आधी हिशेब. गाडीचे सहा, कामाचे चौदा, झाले वीस. जुन्या गाडीचं काम अंदाजात बसतं असं धरूच नका. सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने जुना रंग आणि गंज काढणं) झालं की पत्रा कुठे कागदासारखा झालाय ते दिसतं आणि वेल्डिंग वाढतं. पाच वाढीव धरा. तीन वर्षांचं व्याज तीनच्या वर. विमा आणि जागेचा एक. एकूण एकोणतीस. म्हणजे तुमचे तीस पगार खरोखर मिळाले तरी हातात एक उरतो, मध्यस्थाने काही घेतलं तर तोही नाही. शिवाय तीस हा आकडा तुम्ही जाहिरातींत पाहिला आहे. ती विक्रेत्यांनी मागितलेली किंमत आहे, कुणी मोजलेली नव्हे. गाडी चोवीसला गेली तर पाचांचा खड्डा पडतो, आणि नेमकी तेव्हाच फी भरायची असते.

गाडी हौसेसाठी करा, मला त्यात आनंदच आहे. पण मुलीचं कॉलेज गाडीच्या विक्रीवर टांगू नका. तारीख ठरलेला खर्च आणि गिऱ्हाईक कधी मिळेल याचा भरवसा नसलेली वस्तू यांची जोडी लावायचीच नसते.

कर्ज उचलू नका. त्याचा हप्ता जवळजवळ पाव पगार होता. तोच पाव पगार दरमहा आवर्ती ठेवीत टाका. तीन वर्षांत नऊ जमतात, तीन कमी पडतील. तेवढ्यासाठी शैक्षणिक कर्ज काढता येईल, आणि ते या कर्जापेक्षा खूप लहान असेल. कर्जासोबत गळ्यात मारलेली एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसीही नाकारा. तिचा हप्ता कर्जातच मिसळला आहे आणि त्यावरही तुम्ही व्याज भरणार होता. असली जोडविक्री मला सहन होत नाही.

आता चॅसिस. तुम्ही जोडलेल्या हमीपत्रात तीन गोष्टी वगळल्या आहेत: दगड लागून उडालेला थर, वेल्डिंगचे सांधे, पोकळ भागांतला गंज. मग उरलं काय? बॉक्स सेक्शनची, म्हणजे पोकळ चौकोनी नळ्यांची, चॅसिस आतून सडते, कारण पाणी आणि चिखल तिथे साचतो. पावडर विद्युतभाराने चिकटते, त्यामुळे खोल कोपऱ्यांत आणि नळीच्या आत ती नीट पोचत नाही. भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर थर कडक आणि देखणा होतो खरा. पण एकदा टवका उडाला की ओल त्याच्याखाली सरकते आणि वरून काही दिसत नाही. रंगावर निदान जागच्या जागी डागडुजी करता येते. जादा पाऊण पगार तुम्ही त्या कागदासाठी मोजणार होता.

माझी निवड: ब्लास्टिंग, लागेल तिथे वेल्डिंग, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) चॅसिस पेंट, आणि शेवटी पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून वरचा थर हवाच. वॅक्स मारण्याआधी पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, हे तपासा. डांबरी अंडरकोटिंग नको. ते तडकलं की ओल धरून ठेवतं.

हे सगळं दीड पगारात बसवा, तेही बचतीतून. साडेतीन उरले पाहिजेत, त्याखाली जाऊ नका. दीडात बसत नसेल तर थांबा. मात्र थांबायचं ते ब्लास्टिंगच्या आधी. उघड्या लोखंडावर दमट हवेत काही तासांत गंजाची छटा येते, म्हणून प्रायमरचे पैसे हातात असतील त्याच दिवशी ब्लास्टिंग करून घ्या. रंगवलेली, वॅक्स मारलेली चॅसिस कोरड्या छताखाली दोन-तीन वर्षं सहज राहते. बाकीची गाडी मुलीची फी भरून झाल्यावर.

गॅरेजला पूर्ण आगाऊ देऊ नका. ब्लास्टिंग झाल्यावर स्वतः जाऊन पत्रा हातोडीने वाजवून बघा, कर्णांची मापं जुळतात का ते मोजून घ्या, चॅसिस नंबरचा फोटो काढा आणि तो जाड थराखाली बुजणार नाही हे बजावून सांगा. मगच दुसरा हप्ता द्या.