अभंग भाषणात आणताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या उमेदवाराच्या सभेसाठी लिहिलेला मसुदा वाचला. त्यातलं एक वाक्य आधी खोड : ‘मी माळकरी आहे, माळकऱ्याचं मत माळकऱ्यालाच पडलं पाहिजे.’ टाळ्या याच वाक्याला पडतील, आणि उद्या निकालाला आव्हान मिळालं तर कोर्टात वाचलंही हेच जाईल.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३(३) नीट वाच. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं सांगणं हे त्यात भ्रष्ट आचरण मानलं आहे. पूर्वी असं आवाहन ‘पद्धतशीर’ असावं लागे. १९६१ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला, त्यामुळे आता एका सभेतलं एक वाक्यही पुरतं. शिवाय ‘माळ उमेदवाराची नाही, मतदाराची आहे’ ही पळवाटही उरलेली नाही. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. उमेदवार, प्रतिस्पर्धी आणि मतदार, यांतल्या कुणाच्याही धर्माचा आधार घेऊन मत मागता येत नाही. उरलेल्या तिघांचं म्हणणंही मनावर घे. जातीमुळे वा धर्मामुळे ज्यांनी अन्याय सोसला, त्यांना राजकारणात त्याबद्दल बोलता आलंच पाहिजे, असं ते म्हणतात. माझ्या मते व्यवहारात दोन्ही सांभाळता येतं. अन्यायाबद्दल मोकळेपणानं बोल. मत मात्र त्या अन्यायावर काय उपाय करणार, यावर माग.

एका वाक्यानं काय होतं, त्याची दोन उदाहरणं मुंबईतलीच आहेत. १९७२ साली कुंभारवाड्यातून मुस्लिम लीगचा उमेदवार निवडून आला. प्रतिस्पर्धी आपल्या धर्माला जागत नाही, असा त्याच्या भाषणांचा सूर होता. पोलिसांनी ती भाषणं टेपवर घेतली होती, ती पुरावा म्हणून मान्य झाली आणि निवडणूक रद्द ठरली. दुसरं विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचं. तिथे गोवणारी भाषणं पक्षप्रमुखांची होती, पण उमेदवार त्या सभांना स्वतः हजर होता आणि तेवढ्यावरून त्याची संमती धरली गेली. म्हणून पाहुण्या वक्त्याला काय बोलायचं नाही ते सभेआधी सांगून ठेव. तो घसरलाच, तर उमेदवारानं त्याच माइकवरून, त्याच सभेत ‘हे माझं म्हणणं नाही’ असं स्पष्ट सांगावं. घरी जाऊन पत्रक काढण्यात अर्थ नाही.

विलेपार्ल्याचा अंतिम निकाल ११ डिसेंबर १९९५ ला लागला. तोवर विधानसभेच्या दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या. एवढ्या उशिरा कोण विचारतंय, असं समजू नकोस : भ्रष्ट आचरण सिद्ध झालं तर सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. आव्हान द्यायला हरलेला उमेदवारच लागतो असंही नाही. मतदारसंघातला कुणीही मतदार निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका दाखल करू शकतो.

आता गावाकडे जास्त घडणारी गोष्ट. मतदानाच्या आदल्या रात्री कार्यकर्ते घरोघर जातात, बेल-भंडारा उचलायला लावतात, ‘शब्द फिरवलास तर देव बघून घेईल’ म्हणतात. त्यांना ही निष्ठेची खूण वाटते. पण देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हा त्याच कायद्याच्या कलम १२३(२) मध्ये गैरवाजवी दबाव आहे, आणि मला तर तो देवाचाही अपमान वाटतो. मत गुप्त असतं ते कुणाच्याही धाकाशिवाय देता यावं म्हणून. देवाचा धाक घातला की ती गुप्तता बूथवर पोचायच्या आधीच संपते. या शपथा बंद कर, आणि नुसतं सांगून थांबू नकोस, त्या रात्री स्वतः वाड्यावस्त्यांवर फिर.

जागेचंही तसंच. देवळाच्या सभामंडपात, मशिदीच्या किंवा चर्चच्या आवारात सभा नको. आचारसंहितेत ते बसत नाहीच, शिवाय १९८८ चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. उमेदवारानं दर्शनाला जरूर जावं, पण चपला घालून बाहेर आल्यावर बोलावं. सप्ताहाच्या पंगतीचा खर्च मात्र या दिवसांत अंगावर घेऊ नये.

मग धर्मविचार भाषणात आणायचाच नाही का? आण, अवश्य आण. संतविचार बाजूला ठेवून इथल्या माणसाशी न्यायाबद्दल बोलणं म्हणजे त्याची भाषाच काढून घेणं. फक्त अभंगानं भाषणात काय काम करायचं, ते ठरव. रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणावं, हा तुकोबांचा विचार तू चौथ्या पानावर घेतला आहेस आणि पुढे लगेच ‘म्हणून आपल्या माणसाला निवडा’ लिहिलं आहेस. इथे सांधा निखळला. अभंगातलं ‘आपुले’ परक्याला जवळ घेतं, तुझ्या वाक्यातलं ‘आपल्या’ परक्याला बाहेर ठेवतं. त्याजागी असं लिही : ‘रात्री बाळंतपणाला आलेली बाई आरोग्य केंद्राच्या दारातून परत जाते. तिला आपलं म्हणायचं, तर रात्रपाळीची परिचारिका आणि चालू स्थितीतली रुग्णवाहिका हवी. ती मिळवण्यासाठी मी विधानसभेत जाणार आहे.’ आता अभंग काढून बघ : मागणी तशीच उभी राहते. अभंग न मानणाऱ्यालाही ती तपासता येते, नाकारता येते. कायदा सगळ्यांना लागू होतो, म्हणून त्यामागचं कारणही सगळ्यांना तोलता येईल असं हवं. हेच भाषण शेजारच्या मोहल्ल्यात एकही शब्द न बदलता वाचता येतं का, तेही पाहा. बदलावंसं वाटलं तर तिथेच दोष आहे.

शेवटच्या पानावर उमेदवाराला ‘आमचं दैवत’ म्हटलं आहेस, तेही काढ. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दैवताला हिशोब विचारता येत नाही. आमदाराला निधीचा हिशोब विचारावाच लागतो.

प्रत्येक सभेचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड ध्वनिमुद्रण आपल्याकडे ठेव, तारीख आणि ठिकाण सुरुवातीलाच बोलून. कुणी तुकडा कापून फिरवला तर तेच कामी येईल. चौथं आणि शेवटचं पान नव्यानं लिहून परवापर्यंत पाठव. आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते तिथे जाऊन विचार आणि तो आकडा भाषणात घाल.

तुझा,
काका