कापापासून खड्यापर्यंत: वाचकांचे प्रश्न

दगडाच्या कापातून, म्हणजे स्लॅबमधून, कॅबोशॉन, म्हणजे सपाट तळाचा आणि घुमटाकार माथ्याचा खडा, कसा घडवायचा यावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सर्वांत जास्त पत्रं पॉलिशबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच. मात्र पॉलिशच्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोन-तीन पायऱ्या आधी सापडतं.

प्रश्न: अकीकाचा खडा १४००० नंबरच्या चाकापर्यंत नेला. ओला असताना चकाकतो, वाळला की बारीक ओरखडे दिसतात. नंतर सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पावडरवर बराच वेळ घासला, तरी ते जात नाहीत. पावडर हलकी असेल का?

पावडर बदलून काही होणार नाही. हे ओरखडे ८० किंवा २२० च्या चाकाने पाडलेले आहेत आणि तेव्हापासून खड्यात बसून आहेत. ८० च्या चाकातले हिऱ्याचे कण साधारण १८० मायक्रॉनचे असतात, १२०० चे १५ च्या आसपास आणि १४००० चे एक-दोन मायक्रॉनचे. खरबरीत चाकाने पाडलेली चर बारीक चाकाने भरून येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा दगड चरीच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, आणि एवढा दगड काढण्याची ताकद पॉलिशच्या चाकात नसते. ते चरीच्या कडा गुळगुळीत करतं. त्यामुळे ओरखडा काही वेळ लपतो आणि नंतर चकचकीत पृष्ठभागावर जास्तच उठून दिसतो.

ओल्या दगडावर तो दिसत नाही, कारण पाणी चरीत भरतं. म्हणून प्रत्येक चाकानंतर खडा कोरडा पुसायचा, एका दिव्याच्या तिरप्या उजेडात धरायचा आणि दहापट भिंगातून पाहायचा. हा एक मिनिट वाचवण्याच्या नादात पुढचा तास जातो.

आता करायचं काय? सरळ २८० च्या मऊ चाकावर परत जा. ओरखडा नखाला लागत असेल, तर २२० वर. प्रत्येक चाकावर घासण्याची दिशा बदला: २८० वर लांबीच्या दिशेने, ६०० वर रुंदीच्या दिशेने. मग आधीच्या चाकाच्या रेषा आडव्या दिसतात आणि त्या पूर्ण गेल्या की नाही, हे लगेच कळतं. आमच्या मते सगळ्या कामात २८० चं चाक सर्वांत महत्त्वाचं. तिथे ६००, १२०० आणि ३००० या तिन्हींना मिळून लागतो त्याहून जास्त वेळ गेला, तर तो सत्कारणी लागला असं समजा.

एक अपवाद आहे. एकटाच, लांब, वळणदार ओरखडा अचानक १२०० किंवा ३००० वर उमटला, तर तो जुना नाही. खरबरीत चाकाचा एखादा कण नखात, किंवा खडा धरण्यासाठी तो ज्या काडीवर लाखेने चिकटवतात तिच्या फटीत किंवा लाखेत अडकून पुढे आलेला असतो. प्रत्येक चाक बदलताना खडा, काडी आणि बोटं जुन्या दातांच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली धुवा. तेच पाणी पुन्हा पुन्हा चाकांवर फिरवत असाल, तर ते आधी थांबवा.

सेरियम ऑक्साइड वापरायचं ते दुधाइतकं पातळ करून, फेल्टवर किंवा चामड्यावर. चक्ती जेमतेम ओलसर हवी. ती सुकायला लागते तेव्हा खडा किंचित ओढला जातोय असं हाताला जाणवतं, आणि खरी चकाकी त्याच क्षणी चढते. मात्र तिथेच दाबून धरलं तर खडा तापतो आणि तडकतो. दोन-तीन सेकंद टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. अकीक, जॅस्पर, ओपल, ऑब्सिडियन यांना सेरियम चालतं. जेडला मात्र चामड्यावर क्रोमियम ऑक्साइड घ्या.

प्रश्न: छोट्या करवतीवर ६ मिलिमीटर जाडीचा काप कापताना शेवटी कोपरा उडतो, आणि मध्येच पातं अडकतं. दाब कमी पडतो का?

उलट, दाब जास्त होतोय. हिऱ्याच्या पात्याला दात नसतात, ते दगड घासत पुढे जातं. ढकललं की पातं वाकतं, चर तिरकी होते आणि दगड तिच्यात आवळला जातो. पातं स्वतःच्या गतीने जाऊ द्यावं. शेवटचे ५ मिलिमीटर उरले की दाब जवळजवळ काढून घ्या आणि काप दोन्ही हातांनी टेबलावर सपाट दाबून ठेवा. सुटणारा तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबकळला, तरच कोपरा उडतो.

दुसरं कारण वळण. गोल पातं वळत नाही. लंबगोल आखलाय म्हणून त्या रेषेवरून काप फिरवायला गेलात, तर पातं चर सोडून कडेवर घासतं आणि कायमचं बशीसारखं वाकतं. लंबगोलाभोवती सरळ रेषांत आठ काप घ्या, आखलेल्या रेषेपासून २ ते ३ मिलिमीटर बाहेर राहून. उरलेलं ८० चं चाक काही मिनिटांत काढतं. आतल्या बाजूला वळणारा आकार हवा असेल, तर रेषेपर्यंत एकमेकींच्या अगदी शेजारी समांतर चरी घ्या आणि मधल्या पट्ट्या पक्कडीने मोडून टाका.

हळू ढकलूनही पातं कापत नसेल, तर ते गुळगुळीत झालंय: हिऱ्याच्या कणांभोवतीचा धातू पसरून कण झाकले गेलेत. सिलिकॉन कार्बाइडच्या कांडीत किंवा मऊ विटेत चार-पाच काप घ्या, नवे कण उघडे पडतात. पाणी पात्याची फक्त कड भिजेल इतकंच ठेवा.

आखणी शाईने करू नका, पहिल्याच पाण्यात ती धुतली जाते. पितळेची किंवा ॲल्युमिनियमची टोकदार तार वापरा. नक्षी कापाच्या दर्शनी बाजूने निवडायची, पण अंतिम रेषा तळाच्या बाजूला आखायची, कारण माथा घासला जाणार आणि रेषा तळाशीच टिकणार. आखण्याआधी काप ओला करून वाळताना पाहा. सगळीकडचं पाणी उडालं तरी एखादी रेष ओली, काळसर राहिली, तर ती भेग आहे. तिच्यावरून खडा काढू नका.

प्रश्न: घुमटाच्या माथ्यावर नेहमी एक सपाट डाग राहतो. पॉलिश झाल्यावरच तो लक्षात येतो.

बहुतेक हातांची ही सवय असते. कडा बिघडू नयेत म्हणून आपण कडांवरच लक्ष ठेवतो आणि मधला भाग घासायचा राहतो. शिवाय कडक चाकाचा आणि दगडाचा स्पर्श बारीक रेषेवरच होतो, त्यामुळे खडा एका जागी थांबला की तिथे सपाट पट्टा पडतोच.

३०×२२ मिलिमीटरचा खडा असेल, तर तळापासून २ मिलिमीटरवर चहूबाजूंनी रेषा मारा. ती उभी कड. तिच्या वर ८० च्या चाकावर ४५ अंशांचा उतार, मग त्याच्या वरच्या काठावर २५ ते ३० अंशांचा दुसरा. आता मध्ये छोटं सपाट बेट उरलेलं असेल. ते कडक चाकावर काढू नका. २२० वर उतारांच्या धारा हलक्या मोडा आणि बेट २८० च्या मऊ चाकावर घ्या. मनगट थांबू न देता, एका कडेपासून माथ्यावरून दुसऱ्या कडेपर्यंत खडा लोळवत न्यायचा. दर काही फेऱ्यांनी काडी थोडी फिरवायची.

तपासायला पक्क्या शाईच्या मार्करने माथ्यावर जाळीसारख्या रेषा काढा आणि २८० वर दोन फेऱ्या फिरवा. शाई उरली तो भाग खोल किंवा सपाट आहे. ६०० नंतर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब घुमटावरून सरकवून पाहा. रेष सलग वाकत गेली तर ठीक. मध्येच सरळ झाली किंवा उडी मारली, तर २८० वर परत.

प्रश्न: टायगर आयच्या खड्यात डोळा मधोमध येत नाही. एका बाजूने पाहिलं तर तेज दिसतं, दुसऱ्या बाजूने खडा काळपट.

हा दोष घासण्याचा नाही, काप घेतानाचा आहे. टायगर आयमध्ये बारीक तंतू एकमेकांना समांतर असतात आणि प्रकाशाची पट्टी, म्हणजेच डोळा, नेहमी तंतूंना आडवी पडते. तंतू खड्याच्या तळाला समांतर असतील, तरच पट्टी माथ्यावर येते. ते तिरपे असतील, तर पट्टी तितकी बाजूला सरकते. तंतूंच्या टोकांवर काप घेतला, तर काळोखाखेरीज काही दिसत नाही.

काप एका दिव्याखाली ठेवा, डोकं न हलवता वरून पाहा आणि काप अर्धा वेढा फिरवा. दोन्ही वेळा तेज सारखं असेल, तर तंतू समतल आहेत. आधी उजळ आणि मग काळपट दिसला, तर तंतू तिरपे आहेत. थोडा तिरपेपणा तळ पाचरीसारखा घासून सुधारता येतो. २५×१८ च्या लंबगोलात डोळा लांबीभर हवा असेल, तर तंतू १८ मिलिमीटरच्या दिशेने ठेवायचे; त्या रुंदीवर ५ अंश सुधारायला एका बाजूने साधारण दीड मिलिमीटर दगड जातो. ६ मिलिमीटरच्या कापात हे परवडतं, ४ च्या कापात नाही.

लॅब्राडोराइटलाही असंच लागू आहे: झळाळी एका ठरावीक पातळीतून येते आणि तळ त्या पातळीला समांतर लागतो.

प्रश्न: लाखेने काडीवर चिकटवलेला खडा घासताना निसटतो.

दगड थंड राहतोय. लाख कितीही वितळलेली असली, तरी गार दगडाला ती वरवर धरते. खडा कोमट तव्यावर हळूहळू इतका तापवा की लाखेचा कण त्याच्यावर ठेवताच पसरेल. चिकटवल्यावर ओल्या बोटाने लाख काडीकडून खड्याकडे उतरती दाबून घ्या आणि तळाचा तीन-चतुर्थांश भाग व्यापला जाईल असं बघा. काप तेलाच्या करवतीवर घेतलेला असेल, तर आधी डिटर्जंटमध्ये भिजवून नीट धुवा. तेलकट दगडाला ना लाख धरते ना गोंद.

काढताना फ्रीझरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवला की खडा हलक्या झटक्याने सुटतो. ओपलच्या बाबतीत हे तापवणं-गोठवणं दोन्ही टाळा. तो सायनोॲक्रिलेट गोंदाने चिकटवा आणि ॲसिटोनमध्ये भिजवून सोडवा. रंगवलेल्या किंवा राळ मुरवलेल्या पिरोजाला मात्र ॲसिटोन लावू नका, रंग आणि राळ दोन्ही खराब होतात.

प्रश्न: खडा कोंदणात बसवला की डुगडुगतो. तळ तर सपाट आहे.

तळाची धार मोडली आहे का? कोंदणाची पट्टी आणि खालचा पत्रा जिथे जुळतात, तिथे डाग देताना, म्हणजे झाळून जोडताना, आतल्या कोपऱ्यात डागाचा बारीक उतार तयार होतो. खड्याची धार त्याच्यावर टेकते आणि खडा अधांतरी राहतो. तळाच्या कडेला सगळीकडून ४५ अंशांत अर्धा मिलिमीटर धार मोडा. ही मोडलेली धार घासताना आणि कोंदण दाबताना कपचे उडण्यापासूनही वाचवते.

उभी कड अगदी काटकोनात ठेवू नका, वर जाताना दहाएक अंश आत झुकू द्या. पट्टी त्या उतारावर दाबली जाते आणि खडा धरून ठेवते. कड सुरीसारखी पातळ करून थेट घुमट सुरू केला, तर कोंदण दाबताना ती हमखास तुटते.

प्रश्न: लाजवर्दाला पॉलिश येतं, पण पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि बारीक खड्डे दिसतात.

लाजवर्द हा एकजिनसी दगड नाही. निळा भाग कठीणतेत ५ ते ५.५, पांढरं कॅल्साइट फक्त ३ आणि सोनेरी पायराइट ६ ते ६.५. मऊ चाक दाबलं की कॅल्साइट खाली जातं आणि पायराइट वर राहतं किंवा उपटून निघतं. ६०० पासून पुढे दाब अगदी हलका ठेवा, झिजलेली चाकं टाळा आणि शेवटी फेल्टऐवजी कडक चामड्यावर किंवा लाकडावर हिऱ्याची पेस्ट घ्या. पांढरे डाग जास्त असलेला काप विकतच घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. खड्डे पातळ गोंदाने भरता येतात, पण खडा विकणार असाल तर तसं ग्राहकाला सांगायलाच हवं.

प्रश्न: सुरुवातीला यंत्र न घेता अँगल ग्राइंडरवर कोरडंच काम केलं तर? मास्क लावेन. मॅलकाइट करायचा विचार आहे.

करू नका. अकीक, जॅस्पर, टायगर आय हे सगळे सिलिकाचे दगड. कोरडं घासताना उडणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसांत बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. मॅलकाइटच्या धुळीत तांबं असतं, ती श्वासात किंवा पोटात जाणं घातक. साधा ग्राइंडर पाण्यासोबत वापरला तर विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून तोही मार्ग नाही. पाण्यावर चालण्यासाठीच बनवलेलं यंत्र घ्या आणि त्याला अर्थ लीकेज झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर लावा.

ओल्या कामातही फवाऱ्याचे थेंब उडतात, म्हणून एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क आणि चष्मा हवाच. हातमोजे आणि सैल बाह्या फिरत्या चाकाजवळ नकोत, केस बांधलेले हवेत. काम संपल्यावर टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला शिंतोडा झाडला की पुन्हा तीच धूळ उडते.

राहिला गाळ. तो बादलीत एक दिवस निवळू द्या, वरचं पाणी हळूच काढून घ्या आणि तळाचा चिखल पिशवीत भरून कचऱ्यात द्या. मोरीत ओतला, तर नळीच्या वळणात साचून घट्ट बसतो.

मॅलकाइटची कठीणता ३.५ ते ४ एवढीच आहे, त्यामुळे ८० चं चाक तो फार वेगाने खातं. सुरुवात २२० किंवा २८० वर करा. तो आम्लात विरघळतो. डाग दिलेला दागिना ज्या आम्लाच्या द्रावणात साफ करता, ते काम आधी उरका, दागिना सोड्याच्या पाण्याने धुवा, आणि मगच खडा बसवा.