धम्माची वही

प्रिय अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

निबंधासाठी धम्मपद (बुद्धवचनांचा पाली गाथासंग्रह) वाचायला घेतलंस आणि पहिल्याच गाथेपाशी थांबावं लागलं, हे चांगलं झालं. 'मनोपुब्बङ्गमा धम्मा' (मन धम्मांच्या पुढे चालतं) या ओळीत 'धम्म' हे 'धर्म' शब्दाचंच पाली रूप आहे, पण 'धम्मा' म्हणजे 'सगळे धर्म' असं घेतलं तर अर्थच लागत नाही. पुष्कळ वाचक इथे न थांबता पुढे जातात आणि तीच चूक ४२३ गाथा संपेपर्यंत सोबत बाळगतात.

धर्म शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक आहे असं तू लिहिलं आहेस: धृ म्हणजे धारण करणे, म्हणून माणूस जो धारण करतो तो धर्म. धातू बरोबर सांगितलास, पण त्यावर फार भार टाकू नकोस. कोण कोणाला धारण करतं हे परंपरेगणिक बदलतं आणि खरा फरक तिथेच आहे. महाभारताच्या कर्णपर्वात 'धारणाद्धर्ममित्याहुर्धर्मो धारयते प्रजाः' असं वचन आहे. तिथे कर्ता धर्म, आणि सावरली जाते ती प्रजा. पाली टीकाकार बुद्धघोषाच्या नावावर असलेल्या 'अट्ठसालिनी' या टीकाग्रंथात फोड येते ती अशी: 'अत्तनो सभावं धारेन्तीति धम्मा', म्हणजे आपापला स्वभाव धारण करतात ते धम्म. इथे प्रजा नाही, राजा नाही. लोभ, द्वेष, स्पर्श, वेदना अशा एकेक घटना आहेत आणि प्रत्येकीचा आपला स्वभाव आहे. तेव्हा 'धारण' शब्द दिसला की आधी वाक्यातला कर्ता शोध, मग कर्म. एवढं केलंस तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आपल्या मराठीचा इथे फार उपयोग आहे. शेजारधर्म म्हणताना आपल्या मनात कर्तव्य असतं, दानधर्म म्हणताना पुण्यकर्म, 'आंधळ्याला धर्म करा' या हाकेत भीक, आणि शाळेत 'पदार्थाचे गुणधर्म' लिहिताना वस्तूचा स्वभाव. हे सगळे अर्थ आपण रोज वापरतो आणि कुठेही अडत नाही. कोश उघडण्याआधी या चार शब्दांपैकी कोणता बसतो ते पाहा. गुणधर्मातला धर्म तर जैनांच्या 'वत्थुसहावो धम्मो' (वस्तूचा स्वभाव तोच धर्म) या वचनाच्या आणि अभिधम्माच्या, म्हणजे चित्त व वस्तूंची घटकांत फोड करणाऱ्या बौद्ध ग्रंथांच्या, अगदी जवळचा आहे.

आता धम्मपदाच्या यमकवग्गाकडे ये. या पहिल्या वग्गात, म्हणजे प्रकरणात, २० गाथा आहेत आणि तेवढ्यातच तीन वेगळे अर्थ भेटतात. पहिल्या दोन गाथांत 'धम्मा' अनेकवचनी आहे. पुढची ओळ वाच: दूषित मनाने बोललं किंवा केलं तर दुःख मागे लागतं, गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं. म्हणजे विषय चित्तातल्या अवस्थांचा आहे. मन पुढे चालतं आणि त्या मागून येतात. पाचव्या गाथेत शब्द एकवचनी होतो: वैराने वैर शमत नाही, अवैराने शमतं, 'एस धम्मो सनन्तनो'. हा नियम आहे, कोणी पाळो वा न पाळो, लागू असलेला. 'सनातन धर्म' हे शब्द आज ज्या अर्थाने कानावर येतात तो अर्थ या ओळीत भरू नकोस. आणि विसाव्या गाथेत थोडंच बोलणारा पण 'धम्मस्स होति अनुधम्मचारी' असा माणूस आहे. तिथे धम्म म्हणजे शिकवण, जिच्याप्रमाणे वागायचं ती.

यावरून एक साधी रीत धर. प्रथम वचन पाहायचं. अनेकवचन असेल तर बहुतेक वेळा अवस्था, घटना किंवा गोष्टी. एकवचन असेल तर बहुतेक वेळा शिकवण, नियम किंवा सत्य. 'बहुतेक वेळा' हे शब्द गाळू नकोस, कारण अनेकवचनातही कधी शिकवणुकीचे मुद्दे असतात. मग सोबतचा शब्द पाहायचा. 'धम्म-विनय' अशी जोडी आली की धम्म म्हणजे उपदेश आणि विनय म्हणजे संघाची शिस्त. डोळा-रूप, कान-शब्द अशी यादी चालू असून शेवटी मन-धम्म आलं, तर धम्म म्हणजे मनाचा विषय, मनात उमटणारं काहीही. तिसरी गोष्ट म्हणजे शब्द समासाच्या शेवटी आहे का ते. हे सर्वांत जास्त निसटतं.

बुद्धाच्या सारनाथच्या पहिल्या प्रवचनाच्या शेवटी कोंडञ्ञ या श्रोत्याला धम्मचक्षू उत्पन्न झाला, आणि त्याला दिसलं ते असं: 'यं किञ्चि समुदयधम्मं सब्बं तं निरोधधम्मं'. शब्दाला शब्द ठेवून 'समुदयाचा धर्म, निरोधाचा धर्म' असं भाषांतर केलं की वाक्य मरतं. समासाच्या शेवटी आलेला '-धम्म' हा 'असा स्वभाव असलेलं' एवढंच सांगतो. जे जे उत्पन्न होणारं आहे ते ते सगळं नष्ट होणारं आहे: मराठीत '-णारं' या प्रत्ययाने काम भागतं, धर्म शब्द लागतच नाही. आणि त्याच वाक्याच्या अलीकडे 'धम्मचक्खु' आहे, तिथे धम्म म्हणजे सत्य. एका श्वासात दोन अर्थ.

दुसरी जागा धम्मपदातल्या गाथा २७७ ते २७९. या तिन्ही हळू वाच. 'सब्बे सङ्खारा अनिच्चा', 'सब्बे सङ्खारा दुक्खा', आणि तिसऱ्यात अचानक 'सब्बे धम्मा अनत्ता'. शब्द का बदलला? संखार म्हणजे कारणांनी घडलेलं. घडलेलं ते अनित्य, अनित्य ते दुःख. पण निब्बान (निर्वाण) घडलेलं नाही, ते असंखत आहे. त्याला अनित्य किंवा दुःख म्हणता येणार नाही. तरी तेही 'मी' किंवा 'माझं' म्हणून धरता येत नाही. म्हणून तिसऱ्या गाथेत घडलेलं-न घडलेलं दोन्ही सामावणारा मोठा शब्द हवा होता आणि तो 'धम्म' आहे. थेरवाद या पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेत ही उकल प्रचलित आहे. ज्या भाषांतरात तिन्ही ठिकाणी 'सर्व वस्तू' असं छापलेलं असेल त्यात हा बारकावा बुडालेला असतो. भाषांतर निवडताना आधी हेच पान उघड.

याच मोठ्या अर्थावर पुढे अभिधम्माची मोजणी उभी राहिली. थेरवादाने एकूण ८२ धम्म धरले (चित्त १, चेतसिक म्हणजे चित्तासोबतच्या मानसिक अवस्था ५२, रूप म्हणजे भौतिक घटक २८ आणि निब्बान), सर्वास्तिवाद या दुसऱ्या बौद्ध पंथाने ७५. हे आकडे पाठ करून फायदा नाही. मोजायचं कशाला हे कळलं की पुरे: 'मी रागावलो' या वाक्यातला 'मी' सुटा करून पाहायचा, आणि काय काय घटक हाती लागतात ते बघायचं.

वैदिक बाजूला जाताना घाई करू नकोस. ऋग्वेदात शब्द आहे तो नपुंसकलिंगी 'धर्मन्'. पुरुषसूक्ताच्या शेवटी 'तानि धर्माणि प्रथमान्यासन्' म्हणतात ते यज्ञातल्या आद्य विधींना. बृहदारण्यक उपनिषदात तो राजसत्तेच्याही वरची सत्ता होतो: धर्माच्या बळावर दुबळा बलवानाला आव्हान देतो, आणि धर्म म्हणजेच सत्य असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मीमांसा दर्शनाचा सूत्रकार जैमिनी याने मात्र दार घट्ट लावलं. 'चोदनालक्षणोऽर्थो धर्मः': वेदाची आज्ञा ज्याचं लक्षण, तो धर्म. डोळ्यांनी किंवा तर्काने तो कळत नाही.

याच्या शेजारी धम्मवंदनेतली ओळ ठेव, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रोज म्हटली जाते ती: 'स्वाक्खातो भगवता धम्मो, सन्दिट्ठिको, अकालिको, एहिपस्सिको…' सन्दिट्ठिको म्हणजे इथेच स्वतः पाहता येणारा, एहिपस्सिको म्हणजे 'ये आणि पाहा' असं बोलावणारा. दोन्ही परंपरांतला खरा वाद या जागी आहे. धर्म काय यापेक्षा तो कळतो कशाने, यावर. मनुस्मृती मधला मार्ग काढते आणि वेद, स्मृती, सदाचार व आपल्या मनाला रुचेल ते अशी चार गमकं देते (२.१२). तुझ्या निबंधात ही तुलना जरूर कर. 'सर्व धर्म शेवटी एकच सांगतात' या वाक्याने ती झाकून टाकू नकोस.

जैन ग्रंथांत आणखी एक अर्थ भेटेल आणि चकवेल. सहा द्रव्यांच्या यादीत जीव, पुद्गल (जड पदार्थ), आकाश, काळ यांच्या सोबत 'धर्म' आणि 'अधर्म' आहेत. तिथे पाप-पुण्याचा संबंध नाही. धर्म म्हणजे गतीला साहाय्य करणारं माध्यम, माशाला पाणी असतं तसं. पाणी ढकलत नाही, पण त्याच्याशिवाय पोहणं नाही. अधर्म म्हणजे स्थिर राहायला साहाय्य करणारं, वाटसरूला सावली असते तसं.

दगडावरचे लेख टाळू नकोस, ते पोथ्यांपेक्षा बोलके असतात. अशोक दुसऱ्या स्तंभलेखात स्वतःच विचारतो, 'कियं चु धंमे ति?' आणि उत्तर देतो: कमी पाप, पुष्कळ सत्कृत्य, दया, दान, सत्य, शुचिता. चार आर्यसत्यांचा इथे उल्लेख नाही. कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेल्या त्याच्या लेखात ग्रीक वाचकांसाठी 'युसेबिया' म्हणजे आदर, भक्ती हा शब्द योजला आहे. मुंबईजवळच्या सोपाऱ्यात सापडलेला तुकडा आठव्या शिलालेखाचा, शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचं सांगणारा. आणि जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा (ग्रीकाचा) लेख आहे, 'देयधम बे पोढियो': पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, धर्मार्थ दिलेल्या. देयधम म्हणजे दान. दानधर्मातला धर्म आपल्याकडे इतका जुना आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली तेव्हा पाली 'धम्म' हा शब्द मराठीत मुद्दाम वेगळा राहिला. त्यांच्या मांडणीत रिलिजन वैयक्तिक आहे आणि धम्म सामाजिक; माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दुसरा समोर आला की आहे. हा अर्थ आज लाखो लोकांच्या जगण्यात आहे आणि त्याला पूर्ण मान दे. फक्त तो अशोकाच्या स्तंभावर किंवा अट्ठसालिनीत शोधायला जाऊ नकोस. प्रत्येक ओळीसमोर तिचा काळ लिही.

आता काम. दोनशे पानी वही घे, पान आडवं धर आणि पाच रकाने आख: मूळ ओळ, ग्रंथ व काळ, वचन आणि समासातली जागा, सोबतचा शब्द, तुझा मराठी अर्थ. शेवटच्या रकान्यात 'धर्म' हा शब्द वापरायला बंदी. आठवड्याला दहा ओळी पुरेत. सुरुवात या पत्रात आलेल्या ओळींनी कर. अर्थ पेन्सिलीने लिही. चाळीस ओळी झाल्या की वही पाठव, आणि तोवर बदललेले अर्थ खोडरबराने पुसू नकोस, नुसती रेघ मार. पहिला अर्थ कुठे फसला ते मला त्यावरूनच दिसेल.

तुझा शुभचिंतक