पाहुणे आले की आमचा मुलगा असा का वागतो?

"एरवी इतका शहाणा आहे हो, पण घरात चार माणसं आली की काय होतं कुणास ठाऊक." तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे सल्ल्यासाठी आले की थोड्याफार फरकानं हे वाक्य ऐकू येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, जरा हळू आवाजात: "लोकांना वाटत असेल, यांनी पोराला काही शिकवलंच नाही." पहिलं वाक्य मुलाबद्दल असतं, दुसरं आईबाबांबद्दल. बहुतेक वेळा खरी ठसठस दुसऱ्या वाक्यात असते.

ईशान (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) साडेतीन वर्षांचा. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, आईबाबा दोघंही नोकरी करणारे, साताऱ्याची आजी अधूनमधून राहायला. ईशानच्या आईंचा हॉस्टेलपासूनचा मैत्रिणींचा घट्ट ग्रुप. अधूनमधून एखाद्या शनिवारी सगळ्या कुणा एकीच्या घरी जमायच्या, नवऱ्या-मुलांसकट. मागच्या खेपेला यांच्याकडे जमल्या आणि ईशाननं एका मैत्रिणीच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. आईंनी सगळ्यांसमोर त्याला थोबाडीत दिली. तो रडला, ती मुलगी रडली, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्यानंतर कुणाला घरी बोलवायचंच नाही, असं ठरलं.

"थोडा मोठा होऊ दे, मग बघू," बाबा म्हणाले. आई गप्प होत्या. ऑफिस आणि घर सोडून त्यांचं स्वतःचं असं जे काही उरलं होतं, ते त्या शनिवारांत होतं. ते बंद करून मुलगा सुधारेल, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसाची हकीकत मी सकाळपासून सांगायला लावली, आणि ईशान कुठे होता, काय करत होता ते धरून. सकाळी घर आवरलं. हॉलमधली त्याची खेळणी टोपलीत कोंबून बेडरूममध्ये गेली. दुपारी मिक्सर चालू, कामवाल्या मावशींची भांड्यांची खडखड, त्यामुळे झोप झाली नाही. चारनंतर पावभाजीची तयारी, मग "थांब जरा", "मध्ये मध्ये करू नकोस", "त्याला हात लावू नको, ते पाहुण्यांसाठी आहे." सातला बेल वाजली आणि दहा-बारा माणसं एकदम आत आली. एकीनं उचलून घेतलं, एकानं गाल ओढला. "ओळखलंस का मला?" विचारणाऱ्या मावशीला तो शेवटचा भेटला तेव्हा दीड वर्षाचा होता! मग "ते गणपतीचं गाणं म्हणून दाखव ना सगळ्यांना." नाही म्हणाला. "अरे, एरवी दिवसभर म्हणत असतोस." मग "काकांना पापी दे." तेही नाही. "लाजतोय", "लाडावलाय जरा" असे शेरे त्याच्यासमोरच झाले.

पाच वर्षांच्या त्या मुलीनं टोपलीतून नेमका त्याचा जेसीबी काढला. ईशान ओढायला लागला, तर त्याला सांगण्यात आलं, "दे रे तिला, ती पाहुणी आहे." एरवी साडेसातला जेवून नऊला झोपणाऱ्या मुलाच्या पोटात साडेनऊपर्यंत वेफर्स आणि कोल्ड्रिंकचे दोन घोट एवढंच होतं. चावा त्यानंतरचा.

चावणं चूकच, आणि ते त्याला सांगायलाही हवं. पण त्या दिवशी घरातले सगळे नियम बदलले होते आणि ते त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, दुपारची डुलकी धरून. ती बुडाली की संध्याकाळी सोसण्याची ताकद उरत नाही. ती मोठ्यांचीही उरत नाही, पण आपण चहा पिऊन वेळ मारून नेतो. खेळणी वाटून घेण्याचं म्हणाल तर, मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासिकेनं १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची निरीक्षणं मांडली. लहान मुलं बरेचदा एकमेकांशेजारी, पण आपापलं खेळतात. देवाणघेवाण करत, मिळून खेळणं वयाबरोबर वाढत जातं. साडेतीन वर्षांच्या मुलाला "पाहुणी" ही सबब कळत नाही. जेसीबी गेला, एवढंच कळतं.

आणि स्वभाव. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्यानं १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या पाहणीत शंभरातली साधारण १५ मुलं नव्या माणसांत उशिरा रुळणारी निघाली. ईशान मला त्यातला वाटला. माझ्याकडे तो पहिल्या खेपेला बाबांच्या पायामागून बाहेर आला नाही. दुसऱ्या खेपेला स्वतःच येऊन ठोकळ्यांचा डबा उघडून बसला.

एकदा आजीही आल्या होत्या. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पोरं आपोआप शिकायची." ईशानच्या आईंच्या कपाळावर आठी पडली, पण मला आजींचं म्हणणं निम्मं पटलं. त्यांच्या घरी रोज कुणी ना कुणी यायचं, मुलं बघत बघत सरावायची, आणि कंटाळली तर शेजारच्या ओसरीवर जायची. फ्लॅटमधल्या एकुलत्या मुलाला पाहुणे महिन्या-दोन महिन्यांनी एकदा दिसतात, तेही घोळक्यानं. म्हणूनच बोलावणं बंद करू नका, उलट वाढवा, असं मी सुचवलं. फक्त एका वेळी एकीलाच बोलवा, दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या वेळी, दीडेक तासापुरतं.

बाकीच्या गोष्टी साध्याच होत्या. सकाळीच त्याला सांगायचं: कोण येणार, किती वेळ थांबणार, बरोबर कोणतं मूल असणार. जी खेळणी द्यायचीच नाहीत ती त्यानं स्वतः निवडायची आणि कपाटात वर ठेवायची. खाली उरतील ती सगळ्यांची. ठोकळे, रंगीत माती, खडू असं काहीतरी पुढ्यात ठेवायचं, जे एकाच वेळी दोघांना पुरतं. जेवणाची वेळ झाली की पाहुण्यांची वाट न बघता वरणभात भरवून मोकळं व्हायचं. गाणं म्हणून दाखवायला सांगायचं नाही. नमस्कार आईबाबांनी करायचा, त्यानं बघायचं. वाटलं तर हात हलवेल. पापी द्यायला तर अजिबात सांगायचं नाही. यावर बाबांनी "काकांना वाईट वाटेल" म्हणून हरकत घेतली. मी म्हटलं, वाटू दे. कुणी जवळ घ्यायचं आणि कुणी नाही हे ठरवायचा हक्क त्याला आत्ता दिला नाही, तर पुढे नको असलेल्या स्पर्शाला "नाही" म्हण, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यातूनही हात उगारलाच, तर तिथे सर्वांसमोर भाषण नको. उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचं, "चावायचं नाही, दुखतं" एवढंच म्हणायचं, शांत होईपर्यंत शेजारी बसायचं. मोबाइल हातात देऊन गप्प करण्याचा मोह होतो. एखाद्या वेळी दिला म्हणून काही बिघडत नाही, पण दर वेळी तोच उपाय झाला तर पाहुण्यांबरोबर राहायचं कसं हे शिकायची संधीच मिळत नाही. थोबाडीत मारल्याची टोचणी आईंना फार होती. "त्याला सांगा, मला खूप राग आला होता, तरी मी मारायला नको होतं," एवढंच मी सुचवलं. त्यांनी ते त्याच रात्री सांगितलं.

पहिली मैत्रीण एकटीच आली. ईशान बराच वेळ सोफ्यामागे होता, मग चिवड्याची बशी घेऊन आला. ती बशी नेण्याचं काम त्याचंच, हे आधी ठरलं होतं. दुसऱ्या भेटीला सगळं फिसकटलं: त्या मैत्रिणीचा मुलगा कपाटाशी खुर्ची लावून वर ठेवलेला जेसीबी घेऊन आला आणि पुढचा अर्धा तास रडारडीत गेला. चावा मात्र नव्हता. हळूहळू दोन कुटुंबं एकत्र येऊ लागली. सगळा ग्रुप घरी जमायला वेळ लागला, आणि त्या दिवशीही साडेआठला बाबा त्याला घेऊन आत गेले ते गेलेच.

सगळीच मुलं अशी नुसत्या वेळेनं रुळतात असं नाही. घरात घडाघडा बोलणारं मूल बाहेर, बालवाडीत किंवा पाहुण्यांसमोर महिन्याहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल. किंवा एखादं मूल नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल. किंवा येत असलेले शब्द बोलायचं थांबलं असेल. यातलं काहीही दिसलं, तर "मोठा झाला की बोलेल" म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) नावाचं केंद्र असतं, तिथे अशी तपासणी होते. ईशानच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

शेवटच्या भेटीत आईंचा प्रश्न एका मैत्रिणीबद्दल होता. ती दर वेळी ईशानसमोरच "आमची बघ, कशी लगेच मिसळते" म्हणायची. काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "तो वेळ घेतो, पण येतो," एवढं हसून म्हणा, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मैत्रीण काही थांबली नाही. आता त्या तिला बाहेर कॉफीला भेटतात, ईशानला बाबांकडे ठेवून.