ओ-पेअर म्हणून जातेस तर वही घेऊन जा

वर्षभर ओ-पेअर म्हणून, म्हणजे एका घरात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जर्मनीला निघाली आहेस आणि विचारतेस, रोज डायरी लिहावी का, की फोटो आणि आईशी व्हिडिओ कॉल एवढं पुरे? व्हिसा, जर्मनची ए१ ही पहिली परीक्षा, महिन्याचे २८० युरो, आठवड्याचे ३० तास हे सगळं तू वाचलेलंच असणार. ते सोडते.

लिही. पण ‘आज खूप छान वाटलं’ असलं काही नको. मुलांना किती वाजता उठवलंस, किंडरगार्टनला कोण सोडायला गेलं, संध्याकाळी किती वाजता सुटलीस, ते लिही. मी ओ-पेअर होते त्या घरची बाई प्रेमळ होती, पण तिचं ‘जरा तासभर बघशील का’ शुक्रवारी रात्री अकरापर्यंत चालायचं. ज्यांच्या टेबलावर जेवायचं त्यांचीच तक्रार करायची कुणाकडे? शेवटी वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या, तेव्हा तीच ओशाळली. आणि मराठीतच लिही. इंग्रजी त्या घरात सगळ्यांना येतं.

दुसरं, कागदपत्रं. कुठल्या ऑफिसात कधी गेलीस, काय दिलंस, समोरचा काय म्हणाला, तारखेसकट टिपून ठेव. पुढे शिकायला इथेच राहिले तेव्हा राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीसाठी टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळेना, ईमेलला उत्तर येईना. हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंत राहायला हरकत नाही एवढंच सांगणारा कागद. तो दाखवून भाड्याने खोली मागून बघ, म्हणजे कळेल. त्यात खिडकीपलीकडच्या बाईंचं म्हणणं, अर्ज उशिरा आला. रजिस्टर पोस्टाची पावती मी वहीतच चिकटवली होती म्हणून निभावलं. अजूनही त्या इमारतीवरून ट्राम गेली की मी दुसरीकडे बघते.

एकटेपणाचं म्हणशील तर येतो, जातो. रविवारी दुकानं बंद असतात, दूध शनिवारीच आणून ठेव.

आता, एवढं लांबण का लावलंय ते सांगते. तुझा प्रश्न वाचून जुनी वही काढली. त्या घरातला थोरला तेव्हा चौथीत होता. शिक्षकांनी त्याला गिम्नाझियमऐवजी (तिथून थेट विद्यापीठात जाता येतं) रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, सुचवली, आणि मी बावीस-तेवीस वर्षांची शहाणी लिहिते, ‘किती छान पद्धत! दहाव्या वर्षीच मुलाचा कल ओळखतात. आपल्याकडे नुसती मार्कांची मारामारी.’

माझी मुलगी आता चौथीतून पाचवीत गेली. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०२५-२६ पासून गिम्नाझियमसाठी नुसती आईबापांची इच्छा पुरत नाही. शिक्षकांची शिफारस किंवा ‘कॉम्पास ४’ या चाचणीचा निकाल, एक तरी बाजूने लागतो. नाहीतर आणखी एक परीक्षा. तिचं दोन्हीकडे हुकलं. त्या आणखी एका परीक्षेला मीच पाठवलं नाही, तिचा चेहरा बघवेना. वर्गाच्या बाईंनी विचारलं, ‘घरी जर्मन कमी पडतंय का?’ घरी आम्ही मराठी बोलतो. यावर काय बोलणार?

पोरगी मजेत आहे, दोन मैत्रिणीही झाल्यात. रेआलशूलेनंतरही आबिटुअर (विद्यापीठात जायला लागणारी परीक्षा) करता येतं, हे मला चौघांनी ऐकवलंय आणि मी आणखी चौघांना. आईला मात्र पुण्यात अजून धड सांगितलेलं नाही. ती विचारते, ‘कितवी आली गं?’ मी म्हणते, इथे नंबर काढत नाहीत. खोटं नाही ते. पण फोनवर असंच बोललं जातं, तूही बोलशील, म्हणून म्हणते वही हवी.

ती जुनी ओळ खोडणार होते. मग तिच्याखाली आजची तारीख घालून दोन पानं लिहिली, आणि जागा संपली. म्हणून उजवीकडचं पान कोरं सोडत जा. पुढे लागतं.

वही पुण्याहूनच आण, आपली दोनशे पानी. आणि गाव कुठलं ते लिहिलं नाहीस. श्टुटगार्टच्या आसपास असशील तर कळव, एखाद्या रविवारी जेवायला ये.