मेटाफर म्हणजे रूपकच का?

प्रश्न असा आहे: ‘सिमिली म्हणजे उपमा आणि मेटाफर म्हणजे रूपक असे पाठ केले, तरी दोन्हींत गोंधळ होतो. शिवाय मेटाफरला सरसकट रूपक म्हणणे बरोबर आहे का?’

आधी गोंधळाचे पाहू. प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा शब्द फोडून बघा. सिमिली (उच्चार ‘सिमाइल’ नव्हे) लॅटिन ‘सिमिलिस’वरून आला. त्याचा अर्थ ‘सारखा’. आपला ‘सम’ त्याच्याच कुळातला. म्हणून सिमिलीत सारखेपणा उघड सांगितलेला असतो: ‘तिचा आवाज घंटेसारखा आहे.’

मेटाफर ग्रीक. त्यातल्या ‘फर’चे मूळ ‘वाहून नेणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, आणि ते संस्कृत ‘भृ’ धातूचे सख्खे भावंड. आपला ‘भार’ याच ‘भृ’पासून झाला! लॅटिनमध्ये याच घडणीचा शब्द म्हणजे ट्रान्सफर. तो तर आपण रोज वापरतो. एका वस्तूचे नाव उचलून दुसरीवर ठेवले, की झाला मेटाफर. ही जोडी मला सापडली तेव्हापासून माझा गोंधळ कायमचा मिटला.

आता दुसरा भाग, आणि खरी गंमत इथेच आहे. सरसकट रूपक म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रूपक अलंकारात उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) दोन्ही हजर असतात आणि त्यांत अभेद मानलेला असतो: ‘त्याचे मन म्हणजे अथांग डोह.’ हा मेटाफर आहेच. पण ‘भाव गडगडले’, ‘डोक्यात प्रकाश पडला’ हेही इंग्रजी हिशेबाने मेटाफरच. इथे उपमेय-उपमानाची जोडी मांडलेलीच नाही, तेव्हा आपले शास्त्र याला रूपक न म्हणता लक्षणा म्हणेल, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे. म्हणजे प्रत्येक रूपक मेटाफर असते, प्रत्येक मेटाफर रूपक नसतो.

उलट बाजूनेही माप जुळत नाही. एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना केली, म्हणजे ‘जणू’ आले, की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत तिला वेगळे घर नाही, ती बहुधा सिमिलीतच जाते.

कवितेतल्या ओळीबद्दल लिहिताना रूपक खुशाल वापरा. रोजच्या बोलण्यातल्या अशा प्रयोगांबद्दल लिहायचे असेल, तर ‘लाक्षणिक प्रयोग’ म्हणा. आणि अ‍ॅलेगरीसाठी, म्हणजे जिच्यातली पात्रे आणि प्रसंग दुसराच अर्थ सुचवतात त्या कथेसाठी, ‘रूपककथा’ हा शब्द आहेच, तो मेटाफरला लावू नका.